भरतीमार्गावरील मोऱ्यांचे मूल्यमापन

भरतीमार्गावरील मोऱ्यांचे मूल्यमापन म्हणजे रस्त्याच्या किंवा लोहमार्गाच्या भरावाखालील मोरीतून भरतीचे पाणी खाजणात पुरेसे शिरते आणि ओहोटीस पूर्ण बाहेर पडते काय, याची तपासणी होय. अरुंद किंवा उंचावर बसवलेल्या मोरीमुळे भरावाच्या आतील बाजूस भरतीची उंची घटते, गाळ साचतो व पाण्याची क्षारता बदलते.

मुंबईतील पार्श्वभूमी

‘शीव’ या नावाचा अर्थच सीमा असा आहे. शीव कोळीवाड्याच्या उत्तरेकडे मिठी नदी व माहीमची खाडी, तर पूर्वेकडे वडाळा-माहुल बाजूची मिठागरे व खाजणे आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन (कार्यकाळ १७९५–१८११) यांच्या काळात शीव व साष्टी यांना जोडणारा बंधारारस्ता बांधला गेला. १८४० च्या दशकात लेडी अवाबाई जमशेदजी जीजीभॉय यांच्या १,५७,००० रुपयांच्या देणगीतून माहीमचा बंधारारस्ता झाला. अशा भरावांमुळे खाडीचा प्रवाह ठरावीक मोकळ्या गाळ्यांपुरता सीमित होतो.

पद्धती

प्रथम मोरीची रुंदी, तळाची पातळी व झडपांची स्थिती नोंदवून ती खाडीच्या नैसर्गिक पात्राशी ताडली जाते. त्यानंतर भरावाच्या दोन्ही बाजूंस एकाच वेळी पाण्याची पातळी मोजतात. उधाण आणि भांग या दोन्ही अवस्था याव्यात म्हणून ही मोजणी किमान १५ दिवस चालते. आत भरती उशिरा व कमी उंचीची येत असल्यास मोरी भरतीस अडवते. ओहोटीनंतरही पाणी तुंबत असल्यास ती निचऱ्यास अडवते. मोरीच्या तोंडाशी पडलेला खोल डोह हा प्रवाहाचा वेग वाढल्याचा पुरावा मानतात.

परिणाम

तिवराची श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी उघडी पडणे आवश्यक असते. पाणी सतत साचल्यास झाडे मरतात. मासे व कोळंबीची पिल्ले खाजणात पोहोचू न शकल्यास खाडीतील मासेमारीवर परिणाम होतो.

उपाय व मर्यादा

मोरी रुंद करणे, तिचा तळ खाली नेणे किंवा तिच्या जागी पूल बांधणे हे प्रमुख उपाय आहेत. मात्र त्यामुळे भरतीचे पाणी सखल वस्तीतही शिरू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठीला पूर आला. त्यामुळे मुंबईत मूल्यमापन करताना अतिवृष्टी व उधाण एकाच वेळी आल्याची स्थितीही गृहीत धरावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार खारफुटीचा नाश करण्यास मनाई असून तिच्याभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा राखावा लागतो.