इन्सुलिननंतरची शिकवणी

इन्सुलिन म्हटले की टोरांटोचे बँटिंग आणि बेस्ट आठवतात. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले, हेही अनेकांनी वाचलेले असते. त्यापुढचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. हे औषध रोज, जन्मभर टोचायचे होते. मूल घरी गेल्यावर सुई कोण टोचणार?

अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. इलियट जोस्लिन यांनी त्याची तयारी आधीच सुरू केली होती. त्यांच्या आईलाही मधुमेह होता. १९१८ मध्ये, म्हणजे इन्सुलिन येण्यापूर्वीच, त्यांनी मधुमेहावर पुस्तक लिहिले, तेही डॉक्टर आणि रोगी या दोघांसाठी. तेव्हा अन्न तोडणे हाच उपाय होता. मुले हाडांचा सापळा होत. आणि ताटात किती वाढायचे हे आईला शिकवल्याशिवाय तेवढेही साधत नसे.

इन्सुलिन आले आणि शिकण्याचा पसारा वाढला. काचेची सिरिंज उकळायची, औषध मोजून घ्यायचे. लघवीचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून तापवायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. शिवाय मात्रा जास्त झाली की रक्तातली साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. शुद्ध हरपण्याआधी तोंडात साखर द्यायची. हे घरात ठाऊक नसेल तर जीव वाचवणारे औषधच जिवावर बेतायचे. म्हणून जोस्लिन यांनी परिचारिकांना शिक्षिका म्हणून तयार केले. त्या रुग्णालयात वर्ग घेत, रोग्यांच्या घरी जाऊनही शिकवीत. या इतिहासात मला सर्वांत मोठे काम त्यांचेच वाटते. पथ्य रोग्याचे असले तरी चूल साऱ्या घराची असते!

जोस्लिन तीन घोड्यांच्या रथाचा दाखला देत: आहार, इन्सुलिन आणि व्यायाम. लगाम रोग्याच्या हाती. इकडे लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतःच मधुमेही होते. त्यांनी १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह मधुमेहींची संघटना काढली. वेल्स यांनाही हाच आजार होता.

सगळ्यांना हे पटत नव्हते. लघवीत थोडी साखर गेली तर बिघडले कुठे, एवढे मोजमाप कशाला, असे म्हणणारे डॉक्टरही होते. जोस्लिन १९६२ मध्ये गेले, तरी वाद मिटला नव्हता. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातल्या, इन्सुलिनवर जगणाऱ्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांत डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे विकार पुष्कळच कमी आढळले. हे रुग्ण दिवसातून चार वेळा बोट टोचून रक्त तपासत आणि त्यावरून मात्रा बदलत. मात्र साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंगही त्यांच्यात सुमारे तिप्पट होते. अशा वेळी जवळ कुणीतरी जाणते माणूस लागेच.