मोटारदुरुस्तीची हत्यारे : घरच्या पेटीत काय असावे?

मोटारीसोबत मिळणारा जॅक आणि चाकाचा पाना यांपलीकडे शहरी वाहनधारकाच्या घरी सहसा एकही हत्यार नसते. वास्तविक बॅटरी, एअर फिल्टर किंवा स्पार्क प्लग बदलणे ही कामे थोड्या सरावाने घरच्या आवारात करता येतात. त्यासाठी हत्यारे मोजकीच लागतात. मात्र ती नेमक्या मापाची असावी लागतात. चुकीच्या पान्याने नटाचे कोपरे झिजले, की पाच मिनिटांचे काम गॅरेजमधील दिवसभराचे होऊन बसते.

पाने आणि गोट्या

आजच्या मोटारींतील नट-बोल्ट मेट्रिक पद्धतीचे असतात. जपानी रचनेच्या मोटारींत ८, १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटर ही मापे वारंवार आढळतात. युरोपीय मोटारींसाठी १३ मिलिमीटरचा पानाही जवळ असावा. मूळ ब्रिटिश रचनेच्या ॲम्बेसिडरला इंचाच्या मापाचे पाने लागत. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले, तरी जुन्या गाड्या जपणाऱ्यांना हे पाने बाळगावेच लागतात.

फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, तर रिंग पाना नटाला चहूबाजूंनी वेढतो. म्हणून घट्ट बसलेला नट रिंग पान्याने सैल करावा व नंतर फिक्स पान्याने फिरवून काढावा. एका टोकास फिक्स व दुसऱ्या टोकास रिंग असलेला पाना घेतल्यास दोन्ही कामे साधतात.

अडचणीच्या जागी उपयोगी पडते ती गोटी, म्हणजेच सॉकेट. एकच दांडा आणि बदलत्या गोट्या या कल्पनेवर अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९२० मध्ये ‘स्नॅप-ऑन’ कंपनी उभी राहिली. रॅचेट दांड्यामुळे पाना प्रत्येक वेळी काढून पुन्हा बसवावा लागत नाही. गोटी शक्यतो सहाकोनी घ्यावी. बाराकोनी गोटी चटकन बसते. पण गंजलेल्या नटावरून ती घसरण्याचा संभव अधिक.

खास कामांची हत्यारे

टॉर्क रेंच : नट किती जोराने आवळला, हे या पान्यावर ठरवता येते. छोट्या मोटारींच्या चाकांच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर जोर लागतो; नेमका आकडा मोटारीच्या पुस्तिकेत पाहावा. कमी आवळल्यास चाक सैल होते, अति आवळल्यास आटे जातात. या पान्याने नट सैल करू नये.

स्पार्क प्लगची गोटी : १६ किंवा २१ मिलिमीटरची ही खोल गोटी आतील रबरामुळे प्लग धरून ठेवते. इंजिन थंड असतानाच प्लग काढावा आणि नवा प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा.

मल्टिमीटर : पूर्ण भारित बॅटरी बंद मोटारीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ असावा. तो वाढतच नसेल, तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरकडे असण्याची शक्यता असते. नवी बॅटरी घेण्याचा खर्च त्यामुळे वाचू शकतो.

ओबीडी स्कॅनर : भारतात एप्रिल २०१० पासून मोटारींत टप्प्याटप्प्याने ओबीडी यंत्रणा आली. स्टिअरिंगखालच्या भागातील जोडणीला हे उपकरण लावले, की नोंदलेले दोषांक वाचता येतात. ‘पी ०३००’ म्हणजे इंजिनात मिसफायर. दोषांक दिशा दाखवतो. कोणता भाग बदलावा, हे तपासूनच ठरवावे लागते.

जिवाशी खेळ नको

मोटारीसोबतचा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. निव्वळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरल्यास जीव जाऊ शकतो. सपाट, टणक जमिनीवर हँडब्रेक ओढून, जमिनीवरील चाकांना अडण लावावी आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागी भक्कम स्टँड द्यावेत. चाकाचे नट मोटार उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत.

बॅटरी काढताना ऋण टोक प्रथम सोडावे. धन टोक सोडताना पाना मोटारीच्या पत्र्याला लागला, तरी मग ठिणगी पडत नाही. बॅटरी बसवताना क्रम उलटा ठेवावा. ब्रेक, एअरबॅग आणि हायब्रिड मोटारीतील नारिंगी रंगाच्या उच्चदाब तारा यांना हात न लावता ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

खरेदी करताना

जालंधर आणि लुधियाना ही हातहत्यारांची देशातील मोठी केंद्रे आहेत. नाशिकमध्येही ‘तापडिया’चा कारखाना आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकाने आहेत. पन्नास नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा आपल्या मोटारीला लागणारे आठ-दहा चांगले पाने घ्यावेत. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे पाने कोरडे व पुसून ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकतात. पहिली खरेदी मात्र जॅक स्टँडची असावी, पाने त्यानंतर.