घाटात बिघडते, गॅरेजात नीट चालते

विक्रमगडकडून जव्हारला आणि तेथून मोखाड्यामार्गे त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता चढउतारांचा व वळणांचा आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसले आहे. समजा, या रस्त्याने ऑटोमॅटिक गिअरची मोटार चालली आहे. अर्धा तास सारे सुरळीत असते. मग ऐन चढावर गिअर पडेनासा होतो आणि मागून एसटी हॉर्न देऊ लागते. इंजिन बंद करून तासभर थांबले की गाडी पुन्हा नीट चालते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक तपासून सांगतो, ‘गाडीत काही दोष नाही.’ चालक खोटे बोलत नाही आणि मेकॅनिकही नाही. मग चूक कोठे आहे? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते, हे ओरस्टेडने १८२० साली दाखविले. त्याच दशकात अँपिअरने तारेच्या वेटोळ्याला ‘सोलेनॉइड’ हे नाव दिले. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यालाच नालकुंतल म्हणतात. १८२५ मध्ये स्टर्जनने लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक बनविला. प्रवाह सोडला की ओढ निर्माण व्हायची, थांबविला की ती जायची. आजच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचे मर्म एवढेच आहे.

पहिल्या ऑटोमॅटिक गाड्यांना मात्र गिअर बदलण्यासाठी सोलेनॉइडची गरज नव्हती. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल मॉडेलमध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स दिला. गाडीचा वेग वाढला की तेलाचा एक दाब वाढे, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दुसरा. या दोन दाबांच्या रस्सीखेचीतून गिअर ठरत असे. पुढे, विशेषतः १९८० च्या दशकात, हा निर्णय छोट्या संगणकाकडे गेला. संगणक सोलेनॉइडला प्रवाह देतो, आतला दट्ट्या सरकतो, तेलाची वाट उघडते किंवा बंद होते आणि तेलाच्या दाबाने योग्य तो क्लच पकड घेतो. चार गिअरच्या अनेक गाड्यांत असे दोनच सोलेनॉइड असत. प्रत्येक ‘चालू’ किंवा ‘बंद’, म्हणून दोन गुणिले दोन, चार जोड्या. एक जरी चुकला तरी भलताच गिअर पडतो.

आता घाटाकडे येऊ. चढावर, कमी वेगात, टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल जोराने घुसळले जाते आणि वाया गेलेली ऊर्जा उष्णता बनते. सोलेनॉइड याच तेलात असतात. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. समजा, २० अंश सेल्सिअसला वेटोळ्याचा रोध १५ ओहम आहे. १०० अंशांना तो सुमारे १९.७ ओहम होईल. १२ व्होल्टला प्रवाह ०.८ अँपिअरवरून ०.६१ वर येईल. एवढी घट गृहीत धरूनच रचना केलेली असते. पण कनेक्टरची पिन गंजून १० ओहमची भर पडली असेल तर? थंड असताना प्रवाह ०.४८ आणि गरम झाल्यावर ०.४० अँपिअर. दट्ट्या हलायला ०.४५ लागत असेल, तर तो सकाळी हलेल आणि घाटात अडेल! कधी वेटोळ्याची तारच आत तुटलेली असते. थंडपणी टोके टेकतात, तापल्यावर दुरावतात.

म्हणजे दोष अधूनमधून ‘येत’ नाही. तो असतोच, विशिष्ट परिस्थितीतच दिसतो. हिवतापाचा रोगी दोन पाळ्यांमध्ये बरा दिसतो, म्हणून तो निरोगी ठरत नाही, तसेच हे आहे.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना दोषांची नोंद ठेवणारी प्रमाणित यंत्रणा बंधनकारक झाली. तिच्यात ‘पी ०७५३’ म्हणजे पहिल्या सोलेनॉइडच्या विद्युतमार्गातील दोष, तर ‘पी ०७५४’ म्हणजे त्याच मार्गातील अधूनमधून दिसणारा दोष. शिवाय उत्सर्जनाशी संबंधित दोष नोंदला जातो त्या क्षणीचा वेग, इंजिनावरील भार व तापमानही साठविले जाते. चालकाच्या म्हणण्याला असा साक्षीदार मिळाला.

म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. आधी चालकाला विचारावे : किती वेळाने, चढावर की सपाटीवर, किती वेगात? मग स्कॅनरने नोंदी वाचून लिहून घ्याव्यात. बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ करण्याची घाई केली, तर बऱ्याच गाड्यांत हा पुरावाच पुसला जातो. नंतर तेलाची पातळी व रंग पाहावा. रोध थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी मोजावा. वायरिंग हलवून मल्टिमीटरचा आकडा उडी मारतो का, ते पाहावे. प्रवाह चालू असताना कनेक्टरवर किती व्होल्ट खर्ची पडतात, हेही मोजावे. सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज येऊनही गिअर पडत नसेल, तर दोष बहुधा विजेत नसून तेलाच्या वाटेत आहे. हे न करता थेट सोलेनॉइड बदलला, तर पैसे जातात आणि गंजलेली पिन तशीच राहते.

वर्गात हे सहज दाखविता येईल. बारीक इनॅमल तारेचे लांब वेटोळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधी बर्फाच्या पाण्यात, मग ८० अंशांच्या पाण्यात ठेवा आणि रोध मोजा. तो सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला दिसेल. मग विद्यार्थ्यांना विचारा : केवळ पहिलाच आकडा हाती असता, तर घाटात अडलेल्या चालकाला आपण काय सांगितले असते?