लष्करी जीवनावरील मालिका : वास्तव किती, रंजन किती?

सैनिकाच्या आयुष्यावर मालिका करू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती वेळेची. सैनिकाचा बहुतांश काळ लढण्यात जात नाही. तो कवायतीत, पहाऱ्यात, शस्त्रांच्या देखभालीत आणि रजेची वाट पाहण्यात जातो. मालिकेला मात्र प्रत्येक भागाच्या अखेरीस उत्कंठा हवी असते.

दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेल्या चेतन आनंद यांच्या ‘परमवीर चक्र’ने पराक्रमाचेच नाट्य केले. तेथे शेवट प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘फौजी’ने वेगळी वाट धरली. सेवानिवृत्त कर्नल राजकुमार कपूर यांच्या या मालिकेत कमांडो प्रशिक्षण घेणारे तरुण होते आणि शाहरुख खान यांचा चेहरा त्यातूनच घरोघरी पोहोचला. युद्धाऐवजी प्रशिक्षण निवडल्यामुळे चूक, शिक्षा, चढाओढ आणि मैत्री एवढ्यावरच कथा उभी राहिली. भागही मोजकेच असल्याने ती ताणावी लागली नाही.

मराठीतील ठळक उदाहरण ‘लागिरं झालं जी’चे. तेजपाल वाघ यांचे लेखन असलेली ही मालिका २०१७ ते २०१९ या काळात झी मराठीवर प्रसारित झाली. सैन्यात जाण्याचे स्वप्न पाहणारा अजिंक्य आणि शीतल यांची ही प्रेमकथा साताऱ्याच्या मातीत रुजलेली होती, आणि ही निवड अचूक होती. याच जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या ४६ गावकऱ्यांचे स्मारक तेथे आहे. भरतीसाठी पहाटे धावणारी मुले, लेकाच्या निर्णयाने धास्तावणारे घर, रजेवर आलेल्या जवानाभोवती जमणारा गोतावळा या गोष्टी तेथील प्रेक्षकाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. नितीश चव्हाण आणि शिवानी बावकर यांच्या तोंडची सातारी बोली हीच मालिकेची खरी अस्सलता होती.

मात्र दैनंदिन मालिकेची भूक मोठी असते. गावातील कुरघोड्या आणि भैय्यासाहेबांच्या कारस्थानांनी भाग भरत गेले आणि छावणी बरीचशी पार्श्वभूमीला राहिली. हा दोष केवळ मराठीचा नव्हे. कोरियन युद्ध तीन वर्षे चालले. त्यावरील ‘मॅश’ ही अमेरिकी मालिका मात्र १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे चालली!

वास्तवाला दुसरी मर्यादा परवानगीची आहे. काही वेब मालिकांमध्ये सैन्याचे विपर्यस्त चित्रण होत असल्याच्या तक्रारी आल्यानंतर, सैन्यविषयक चित्रपट, माहितीपट आणि वेब मालिका प्रदर्शित करण्यापूर्वी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, अशी सूचना संरक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये केली. गणवेशाचा मान राखला जावा, ही अपेक्षा रास्तच आहे. तथापि वरिष्ठांशी होणारे मतभेद, एकटेपणा, जवानाच्या पत्नीची कुचंबणा हे विषय त्यामुळे लेखकाच्या हातून आधीच गळून पडण्याची शक्यता असते. आणि मग सुरक्षित म्हणून प्रेमकथाच उरते.

दरम्यान वास्तवही बदलले. अजिंक्यचे स्वप्न दीर्घ सेवेचे आणि निवृत्तिवेतनाचे होते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेनुसार भरती होणाऱ्या जवानांची सेवा चार वर्षांची असून, त्यांपैकी कमाल २५ टक्क्यांनाच पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. पहाटे धावणाऱ्या मुलाच्या घरी आता मुलीकडचे लोक आले, तर पाचव्या वर्षाचे काय, हा प्रश्न ते विचारणारच. त्यासाठी कारस्थानी खलनायकाची गरज नाही.