डेटाबेसच्या मेटाडेटावरून ऑप्टिमायझेशन मॉडेल कसं बनवायचं?

मेटाडेटा म्हणजे डेटाबद्दलची माहिती: टेबलं कोणती, कॉलमचा टाइप काय, कोणती की कुठे जोडली आहे. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलमध्ये ती 'इन्फर्मेशन स्कीमा'तून साध्या सिलेक्ट क्वेरीने मिळते. (ओरॅकलमध्ये यासाठी वेगळे व्ह्यू आहेत.) लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या मॉडेलचा बराचसा सांगाडा तिथे आधीच तयार असतो.

समजा, गोदाम, दुकान आणि मार्ग अशी तीन टेबलं आहेत आणि कमीत कमी खर्चात माल पोचवायचा आहे. गोदाम आणि दुकान यांच्या प्रायमरी की म्हणजे मॉडेलमधले संच. मार्ग टेबलमध्ये दोघांच्याही फॉरेन की आहेत. म्हणून त्यातली प्रत्येक रो म्हणजे एक व्हेरिएबल: या मार्गाने किती माल पाठवायचा? 40 गोदामं आणि 600 दुकानं असली तर कागदावर 24,000 जोड्या होतात, पण टेबलात 1,800च रो असतील तर व्हेरिएबलही तेवढेच. गोदामाच्या कीवर ग्रुप करून बेरीज केली की क्षमतेचं बंधन मिळतं, दुकानाच्या कीवर केली की मागणीचं. खर्च, क्षमता, मागणी हे कॉलम पॅरामीटर.

मी पहिल्यांदा असा जनरेटर लिहिला तेव्हा सगळा भरवसा चेक कन्स्ट्रेंटवर टाकला होता. खर्च शून्यापेक्षा जास्तच हवा अशी अट कॉलमवर होती, मग वेगळं काय तपासायचं? सॉल्व्हरने 'ऑप्टिमल' म्हणून उत्तर दिलं आणि बराच माल भलत्याच लांबच्या मार्गांनी पाठवला. त्या मार्गांचा खर्च नल होता. एसक्यूएलमध्ये नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही. आणि चेक फक्त खोटं आल्यावरच रो नाकारतो. म्हणजे नल आरामात आत. पुढे माझ्याच पायथन कोडने रिकाम्या जागी 0 भरला. फुकटचा रस्ता सॉल्व्हर कशाला सोडेल! आता कोड आधी कॉलम नलेबल आहे का ते बघतो, आणि पॅरामीटरमध्ये एक जरी नल सापडला तरी मॉडेल बनवतच नाही.

कॉलम इंटिजर आहे म्हणून व्हेरिएबलही इंटिजर धरू नका. मॉडेल उगाच अवघड होतं. युनिटचा घोळ मात्र जास्त त्रास देतो. क्षमता टनात आणि मागणी किलोत असली तरी मेटाडेटाला दोन्ही नुसते न्यूमेरिकच दिसतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कॉलमवर कमेंट लिहिता येते, मी युनिट तिथेच लिहितो आणि जनरेटर ती जुळवून बघतो. खर्च कमी करायचा की वेळ, हे मात्र कुठल्याच स्कीमात नसतं. ते माणसांनाच विचारावं लागतं.