राजवाडे, कारखाने आणि चाळीस वर्षांची पट्टी



आजचा विषय तसा आपल्या ओळखीचा आहे. समूह सहल. आपल्यापैकी अनेक जण परदेशात अशा सहलीला जाऊन आलेले असतील. सकाळी राजवाडा, दुपारी एखादा चॉकलेटचा नाहीतर घड्याळांचा कारखाना, संध्याकाळी बाजार. परत आल्यावर आपण सांगतो, "काय ती शिस्त! काय ती स्वच्छता! आपल्याकडे हे कधी व्हायचं नाही." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं व्याख्यान त्याच वाक्याबद्दल आहे. राजवाडा आणि कारखाना पाहून माणूस नेमकं काय पाहतो? 'ते लोकच वेगळे' असं पाहतो, की 'ते आपल्या आधी निघाले' असं पाहतो? या दोन पाहण्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हा फरक समजून घ्यायला मी तुम्हाला एका जुन्या सहलीवर नेणार आहे.

23 डिसेंबर 1871. जपानमधल्या योकोहामा बंदरातून 'अमेरिका' नावाची आगबोट निघाली. बोटीवर शंभराहून अधिक जपानी माणसं होती. प्रमुख होते इवाकुरा तोमोमी, दरबारी घराण्यातले, वय 46. त्यांच्याबरोबर किदो ताकायोशी, ओकुबो तोशिमिची, तिशीतला इतो हिरोबुमी. म्हणजे काय, तर नव्या सरकारातली निम्मी वजनदार मंडळी एकाच बोटीवर! आणि वेळ कुठली? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशातली सगळी जुनी संस्थानं एका हुकमानं बरखास्त झाली होती. घरात इतकी उलथापालथ चालू असताना घरातली कर्ती माणसं जग बघायला निघाली आणि पुढचे जवळजवळ एकवीस महिने ती बाहेर राहिली.

बोटीवर विद्यार्थीही होते. पाच मुली होत्या. त्यांतली सर्वांत धाकटी त्सुदा उमेको, सात वर्षंही पुरी झालेली नव्हती. तिनं पुढे 1900 साली मुलींसाठी शाळा काढली, तिचंच आज विद्यापीठ झालं आहे. दुसरा एक तरुण नाकाए चोमिन. तो फ्रान्सला शिकायला राहिला आणि त्यानं पुढे रूसोचा 'सामाजिक करार' जपानी वाचकांपर्यंत पोचवला. तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून मला या चोमिनबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे, पण आज त्याच्याकडे वळलो तर घड्याळ माफ करणार नाही.

आजचा आपला खरा वाटाड्या आहे कुमे कुनिताके. साग प्रांतातला, कन्फ्यूशियसच्या परंपरेत वाढलेला, बत्तीस वर्षांचा विद्वान. इवाकुरांचा चिटणीस म्हणून तो गेला आणि जे जे पाहिलं ते टिपत राहिला. 1878 साली त्याचा वृत्तान्त पाच खंडांत छापून आला, शंभर प्रकरणं आणि तीनशेहून अधिक चित्रं. प्रवासवर्णनाच्या नावाखाली त्यानं एका देशाची वहीच लिहून ठेवली. गिरणीत कापूस कुठून येतो, लोखंड कसं वितळतं, संसदेत कोण कुठे बसतं, सगळं त्यात आहे.

आता ही मंडळी निघाली कशासाठी? 1858 पासून पाश्चात्त्य सत्तांनी जपानवर असमान तह लादले होते. परदेशी माणसानं जपानमध्ये गुन्हा केला तर त्याचा निवाडा जपानी न्यायालय करणार नाही, आणि आयात मालावर जकात किती घ्यायची ते जपान एकटा ठरवणार नाही. या तहांच्या फेरविचाराची मुदत 1872 मध्ये येत होती. त्याची पूर्वतयारी म्हणून हा दौरा होता.

अमेरिकेत स्वागत जोरात झालं. मग या लोकांना वाटलं, एवढे प्रेमानं वागतायत तर तहाचीच बोलणी उरकून घेऊ. पण वाटाघाटीचे अधिकारपत्रच जवळ नव्हते! ते आणायला ओकुबो आणि इतो वॉशिंग्टनहून थेट जपानला परत गेले. समुद्र ओलांडून गेले, समुद्र ओलांडून आले, चार महिने गेले. आणि हाती काही लागलं नाही. मेजवानी वेगळी आणि तह वेगळा, हा पहिला धडा तिथे मिळाला. त्यानंतर दौऱ्याचं मुख्य काम उरलं ते पाहणं.

ऑगस्ट 1872 मध्ये ते इंग्लंडला पोचले. राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडमध्ये बालमोरलला गेलेली. भेट होणार कधी? थांबा. ती भेट झाली थेट डिसेंबरात, विंडसरच्या किल्ल्यात. पण या थांबण्यातच दौऱ्याचं सोनं झालं. राजवाड्याचं दार उघडेपर्यंत या माणसांनी कारखान्यांची दारं ठोठावली. लिव्हरपूलच्या गोद्या, मँचेस्टरच्या सूतगिरण्या, ग्लासगो, न्यूकॅसलला आर्मस्ट्राँगचा तोफांचा कारखाना, ब्रॅडफर्डजवळ टायटस सॉल्टनं गिरणीभोवती वसवलेलं सॉल्टेअर हे कामगारांचं गाव. शेफिल्डचं पोलाद पाहिलं आणि त्याच भागातला ड्यूक ऑफ डेव्हनशरचा चॅट्सवर्थचा प्रासादही पाहिला. एकीकडे भट्टीची धग, दुसरीकडे कारंजी.

इथे जरा थांबू. राजवाडा पाहताना आपल्या मनात काय होतं? राजवाडा सांगतो, 'मी कायमचा आहे.' दगड, सोनं, पूर्वजांच्या तसबिरी. पाहणाऱ्याला वाटतं, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच वैभवात राहत आले, हे त्यांच्या रक्तातच आहे. आणि मग शेजारच्या गिरणीचा धूरही त्याला तितकाच जुना, तितकाच अढळ वाटायला लागतो. राजवाडा कारखान्याला आपलं वय उसनं देतो.

कुमे या भुलाव्यात सापडला नाही. त्यानं साधा हिशेब मांडला. युरोपात आज जी संपत्ती दिसते ती मुख्यतः 1800 नंतरची आहे, आणि तिचं आजचं भरभराटीचं रूप यायला जेमतेम चाळीस वर्षं लागली आहेत. आगगाड्या केव्हा आल्या? आगबोटी केव्हा आल्या? मोजा. चाळीस वर्षं!

मित्रहो, तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर त्यानं स्वभावाचा भेद काळाच्या भेदात बदलला. 'ते वेगळ्या जातीचे प्राणी आहेत' म्हटलं की करण्यासारखं काही उरत नाही, फक्त हेवा किंवा नमस्कार. 'ते चाळीस वर्षं आधी निघाले' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, आपण आज निघालो तर?

बरं, याचा अर्थ जुनं फेकून द्या असाही त्यानं काढला नाही. लंडनची संग्रहालयं पाहून त्यानं लिहिलं त्याचा आशय असा, की एखादा देश कोणकोणत्या पायऱ्या चढत इथवर आला ते संग्रहालयात डोळ्यांना दिसतं. कुठलाच देश एका रात्रीत उभा राहत नाही. आधीच्यांनी जाणलेलं पुढच्यांना सोपवायचं, याचं नाव प्रगती. राजवाडा पाहायचा तो असा, जिन्याची एक पायरी म्हणून.

पुढे पॅरिस. तिथे एक मौज झाली. जपान सरकारनं इकडे जुनी चांद्र कालगणना सोडून युरोपची कालगणना घेतली. बाराव्या महिन्याचे दोनच दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी एकदम 1 जानेवारी 1873! ही मंडळी युरोप पाहायला पॅरिसमध्ये, आणि मागे घरातलं कॅलेंडर युरोपचं झालेलं. पॅरिसमध्ये त्यांनी गोबेलँचे विणकाम पाहिलं, व्हर्सायचा राजवाडा पाहिला, आणि कम्यूनच्या उठावात नुकताच जळालेला त्विलरीचा राजवाडाही पाहायला होताच. राजवाडे कायमचे नसतात, याचा पुरावा समोर उभा होता.

मार्च 1873 मध्ये जर्मनी. एसेनला क्रुपचा पोलादाचा आणि तोफांचा प्रचंड कारखाना. आणि बर्लिनमध्ये 15 मार्चला बिस्मार्कची मेजवानी. बिस्मार्क जे बोलला ते कुमेनं नोंदवलं आहे. आशय असा: राष्ट्रं एकमेकांशी सौजन्यानं वागतात हे वरवरचं आहे. आंतरराष्ट्रीय कायदा बलवानाच्या सोयीचा असला तर तो कायदा दाखवतो, गैरसोयीचा झाला की बळ वापरतो. माझ्या लहानपणी प्रशिया दुबळा होता, हा अनुभव मी घेतला आहे. वॉशिंग्टनहून रिकाम्या हातानं परतलेल्या माणसांना हे किती पटलं असेल, कल्पना करा.

मग सेंट पीटर्झबर्गला झारचा हिवाळी महाल. तिथे उमरावांचं वैभव आणि रयतेची गरिबी यांतली दरी कुमेच्या नजरेतून सुटली नाही. बेल्जियम, हॉलंड, स्वित्झर्लंड पाहून उलटाच धडा मिळाला, देश लहान असूनही ताठ उभा राहू शकतो. आणि व्हेनिसच्या दफ्तरखान्यात तर त्यांच्यापुढे जपानी दूताच्या सहीचा कागद आला. हासेकुरा त्सुनेनागा, सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात येऊन गेलेला. अडीचशे वर्षांपूर्वी आपलंच माणूस इथवर आलं होतं, आणि नंतर देशानं दार लावून घेतलं.

परतीचा रस्ता मार्सेयहून. चारच वर्षांपूर्वी सुरू झालेला सुएझ कालवा, एडन, सिलोनमधलं गॉल, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग. मायदेशात अदबीनं वागणारा युरोपीय माणूस पूर्वेकडच्या लोकांशी कसा उर्मट होतो, हे कुमेनं या वाटेवर टिपलं. 13 सप्टेंबर 1873 ला योकोहामा.

इथे पोचल्यावर आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. परत आल्या आल्या यांच्यापुढे प्रश्न होता, कोरियावर स्वारी करायची का? मागे राहिलेल्या साइगो ताकामोरींचा गट उत्सुक होता. जग पाहून आलेल्यांनी ऑक्टोबरमध्ये ती स्वारी रोखली. आधी घर सावरा, कारखाने उभारा, म्हणाले. साइगो बाहेर पडले. ओकुबोंनी गृहखात्याची सूत्रं घेऊन उद्योगांना सरकारी बळ दिलं. इतोंनी पुढे 1889 च्या राज्यघटनेची घडण केली. परदेशी माणसासाठीची वेगळी न्यायव्यवस्था 1899 मध्ये संपली, जकातीचा पूर्ण हक्क 1911 मध्ये आला. चाळीस वर्षांचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जमला!

पण पुस्तक इथे मिटू नका. फेब्रुवारी 1876. दौरा संपून अडीच वर्षंही झाली नव्हती. जपाननं आरमाराचा धाक दाखवून कोरियाशी तह केला. त्यातलं एक कलम काय? जपानी माणसानं कोरियात गुन्हा केला तर त्याचा निवाडा कोरिया करणार नाही. म्हणजे ज्या कलमाची लाज वाटून ही माणसं पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली होती, तेच कलम त्यांच्या सरकारनं शेजाऱ्याच्या माथी मारलं.

हे कसं झालं? ढोंग म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला वाटतं, दोष त्या चाळीस वर्षांच्या मोजणीतच लपलेला होता. माणसांमधला फरक हा काळाचा फरक आहे, हा विचार मुक्त करणारा आहे, हे मी आत्ताच सांगितलं. पण एकदा सगळे देश एकाच रस्त्यावर पुढेमागे उभे केले, की आपल्या मागे कोण आहे हेही दिसायला लागतं. आणि जो मागे आहे त्याला ओढायचा, दटावायचा अधिकार आपला आहे असं वाटायला लागतं. आमच्या लहानपणी शाळेत लाकडी पट्टी असायची. तिनं वहीत रेघ मारायची आणि तिनंच हातावर फटका बसायचा. जपाननं स्वतःला मोजायला पट्टी उचलली आणि तीच शेजाऱ्याच्या हातावर मारली.

आता तुम्ही विचाराल, आपलं काय? व्याख्यानानंतर हा प्रश्न येतोच, म्हणून आधीच बोलतो. मुंबई ते ठाणे आगगाडी धावली 1853 मध्ये. जपानमधली पहिली आगगाडी टोकियो-योकोहामा, 1872 ची, इवाकुरा विलायतेत असताना सुरू झालेली. म्हणजे आगगाडीत आपण एकोणीस वर्षं पुढे होतो! मुंबईत कापडगिरण्याही 1850 च्या दशकातच आल्या. मुंबईच्या गिरण्या होत्याच, इतक्या की 1893 मध्ये जपाननं आपली पहिली दूरची नियमित बोटसेवा सुरू केली ती कापसासाठी, मुंबईला. मग फरक कुठे पडला? आगगाडी कुठून कुठे न्यायची, जकात किती लावायची, कोणाला शिकायला पाठवायचं, हे ठरवणारी माणसं आपली नव्हती. यंत्र दिसणं वेगळं आणि पाहून आल्यावर निर्णय घेता येणं वेगळं. 'आपल्याकडे हे कधी व्हायचं नाही' या वाक्यात हा सगळा इतिहास गिळला जातो आणि दोष आपल्या रक्तावर टाकला जातो. म्हणून ते वाक्य मला खटकतं. आज तर निर्णय आपल्याच हातात आहेत, म्हणून आज ते जास्तच खटकतं.

शेवटी कुमेचं काय झालं ते सांगून थांबतो. तो पुढे टोकियोच्या विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक झाला. 1891 मध्ये त्यानं एक निबंध लिहिला: शिंतो हा आकाशपूजेच्या प्राचीन चालीरीतींचा अवशेष आहे. म्हणजे जी नजर त्यानं विंडसरवर, व्हर्सायवर टाकली होती, तीच त्यानं स्वतःच्या घरच्या देव्हाऱ्यावर टाकली. हेही काळात घडलेलं आहे, म्हणाला, अनादि नाही. गदारोळ झाला आणि 1892 मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. परक्यांच्या राजवाड्याचं वय मोजलं तेव्हा देशानं त्याचे पाच खंड छापले. आपल्या राजवाड्याचं वय मोजायला गेला, तेव्हा दार दाखवलं.

पुढच्या वेळी सहलीला जाल तेव्हा प्रत्येक ठिकाणी वाटाड्याला एकच विचारा, हे केव्हापासून आहे? आणि परत आल्यावर तोच प्रश्न आपल्या घरात विचारायला कचरू नका.