दिनविशेष : ३१ ऑक्टोबर
केनिलवर्थच्या वेढ्यातला जाहीरनामा (१२६६)

इंग्लंडच्या वॉरिकशायरमधला केनिलवर्थ हा तळ्याच्या आधारावर उभा राहिलेला किल्ला. बाराव्या शतकात जेफ्री डी क्लिंटनने तो बांधला. पुढे राजा जॉनने ओढ्यांना बांध घालून भोवती विस्तीर्ण तलाव केला. सुरुंग वा शिड्या तटाला भिडूच नयेत, हा हेतू.

राजाविरुद्धच्या बंडाचा नेता सायमन डी माँटफर्ट १२६५मध्ये इव्हशॅमच्या लढाईत पडल्यावर उरलेल्या बंडखोरांनी इथे आसरा घेतला. जून १२६६मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीने वेढा घातला. चेस्टरहून नावा आणवूनही पाण्यावरचा हल्ला फसला. पोपच्या प्रतिनिधीने बंडखोरांवर धर्मबहिष्कार पुकारला, तेव्हा आतल्यांनी एका माणसाला पाद्र्याचा झगा चढवून उलट राजावरच बहिष्कार टाकला!

३१ ऑक्टोबरला ‘केनिलवर्थचा जाहीरनामा’ निघाला. जप्त जमिनी वार्षिक उत्पन्नाच्या पटीत दंड भरून सोडवण्याची त्यात मुभा होती. बंडखोरांनी तो धुडकावला; पण उपासमार आणि रोगराईमुळे डिसेंबरात किल्ला सोडावा लागला. तलाव जिंकला गेला नव्हता, कोठार रिकामे झाले होते.

पुढे सतराव्या शतकातल्या यादवी युद्धानंतर १६४९मध्ये संसदेच्या आदेशाने तट पाडले गेले आणि तलावही आटवला. आज तिथे लालसर दगडांचे भग्नावशेष आणि कुरणे आहेत.